कुलालगृह व संशोधक : ब्रह्मपुरीकडील मातीच्या भांड्यांविषयींच्या साधनांचें परीक्षण

ब्रह्मपुरी हें नांव वाचतांच इतिहासाच्या अभ्यासकांपुढें बहुधा दोन स्थळें उभीं राहतात. एक भीमेच्या कांठची, मंगळवेढ्याजवळची. तेथें औरंगजेबाचा तळ १६९५ पासून १६९९ पर्यंत होता व त्यानें तिचें नांव इस्लामपुरी असें ठेविलें होतें. दुसरी कोल्हापुरांत पंचगंगेच्या कांठीं असलेली टेंकडी. ती १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं खणिली आणि तिचा वृत्तांत डेक्कन कॉलेजानें १९५२ सालीं छापिला. ‘ब्रह्मपुरीचीं खापरें’ म्हटलें म्हणजे संग्राहकांस ही दुसरीच आठवते व सूचीपत्रांतही तीच सांपडते. आम्हांस जिच्याविषयीं लिहावयाचें आहे ती तिसरी. ती वैनगंगेच्या पश्चिमेस, चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागांत, भाताच्या बांध्या, तलाव आणि रान यांच्यामध्यें वसलेली आहे. हिचीं भांडीं जमिनीखालीं पुरलेलीं नसून बाजाराच्या दिवशीं रस्त्याच्या कडेस मांडलेलीं असतात; आणि विद्वानांचें त्यांकडे दुर्लक्ष होण्याचें मुख्य कारण आमच्या मतें हेंच आहे.

मातीचीं भांडीं करण्याचा धंदा बदललेल्या काळांत टिकेल कीं नाहीं, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ ठिकाणीं चर्चिला जातो. ती चर्चा बहुधा हळहळीची असते, आणि हळहळ हें इतिहासाचें साधन नव्हे. आम्ही येथें प्रश्न जरा आंखडून घेतों. या धंद्याविषयीं जें आजवर लिहिलें गेलें त्याची साधन म्हणून योग्यता काय, आणि त्यांत जें गाळलें गेलें त्यापायीं आजच्या कुंभाराचें प्रत्यक्ष नुकसान कोणतें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम आमच्या घरच्याच विद्येकडे पाहूं. महाभाष्याच्या पस्पशाह्निकांत पतंजलीनें एक मार्मिक भेद दाखविला आहे. घट हवा असेल त्यास कुंभाराचें घर गांठावें लागतें. शब्द हवा असेल तो मात्र वैयाकरणाच्या दारीं जात नाहीं. शब्दाच्या नित्यत्वाविषयीं त्यांतून पुढें काय निघतें तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु दृष्टांताच्या पहिल्या अर्ध्याकडे मागाहून आलेल्या पंडितांनीं पाठ फिरविली. न्यायशास्त्रांत तर घटावांचून पान हालत नाहीं. समवायिकारण सांगावयाचें तर कपालें, निमित्तकारण सांगावयाचें तर दंड, चक्र व कुलाल. शतकांमागून शतकें घट हा दृष्टांत म्हणून वापरणाऱ्या या मंडळींनीं माती कोठून आणली, तींत काय मिसळलें, ती किती दिवस भिजविली, याविषयीं एक अक्षर लिहून ठेविलेलें नाहीं. मुक्तावलींत अन्यथासिद्धांची गणना करतांना रासभास, म्हणजे कुंभाराच्या गाढवास, शेवटच्या वर्गांत घातलें आहे. तें घटाच्या पूर्वीं हजर असतें, पण घटाचें कारण नव्हे. तर्कदृष्ट्या हें बरोबर असेल. तथापि महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं कुंभार मातींत घोड्यागाढवाची लीद मिसळतात. ती आव्यांत जळून जाते व भांड्याच्या अंगांत सूक्ष्म छिद्रें राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरून वाऱ्यानें उडतें म्हणूनच माठांतील पाणी गार होतें. तेव्हां गार पाण्याच्या घटापुरतें तरी रासभाचें कारणत्व नाकारतां येत नाहीं, आणि नैयायिक एकदां कुंभारवाड्यांत जाऊन आला असता तर त्यानें दृष्टांत बदलला असता, असें आम्हांस वाटतें.

याच्या उलट श्रौत वाङ्मयाची गोष्ट आहे. तेथें भांडें हा दृष्टांत नसून वस्तु आहे, म्हणून वर्णनही वस्तूचें आहे. मैत्रायणी संहितेंत अग्निहोत्राच्या दुधाची स्थाली कुलालानें चाकावर केलेली नसावी असें म्हटलें आहे; चाकावरचें पात्र तेथें आसुर मानिलें आहे. म्हणजे चाकावरची व हातानें थापलेली अशा दोन्ही रीति त्या काळीं शेजारीं शेजारीं नांदत होत्या. तैत्तिरीय संहितेंत उखेच्या मातींत काय मिसळावें तें सांगतांना उजाड गांवठाणावरचीं खापरें, बारीक खडे, शेळीचे व काळविटाचे केस अशी यादी येते. उजाड गांवठाणास तेथें ‘अर्म’ असा शब्द आहे. मीमांसक या मिश्रणाचें अदृष्ट फळ सांगेल. पण खड्यांचें प्रयोजन बळकटी हें संहितेनें स्वतःच दिलें आहे. कुटलेलीं जुनीं खापरें मिसळलीं असतां माती वाळतांना व भाजतांना तडकत नाहीं, हें कोणताही कुंभार सांगूं शकतो. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं ओसाड जागीं जाऊन खापरें वेंचण्याचा जो उद्योग आपल्या मंडळांतील सभासद मोठ्या अभिमानानें करितात, त्याचा हा फार जुना लेख आहे. मात्र ते वेंचणारे त्यांचें पुन्हा भांडें करीत असत. जर्मन पंडित विल्हेल्म राउ यांनीं वैदिक कुंभारकामाचे उल्लेख एकत्र करून १९७२ सालीं स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या तोडीचें काम मराठी मुलखाविषयीं मराठींत व्हावयास पाहिजे होतें.

स्मृतींकडे वळलों म्हणजे निराळीच उपयुक्त माहिती मिळते. मनूच्या शुद्धिप्रकरणांत धातूच्या पात्रास राख, आम्ल, पाणी इत्यादिकांनीं शुद्धि सांगितली आहे. मातीच्या पात्रास पुनः भाजणें हा उपाय सांगितला आहे, आणि कांहीं दोषांत तर तोही चालत नाहीं. व्यवहारांत याचा अर्थ एवढाच कीं विटाळलेलें मडकें टाकावें व नवें आणावें. सोयर-सुतक आणि ग्रहण यांनिमित्त घरोघर जीं मडकीं उकिरड्यावर गेलीं त्यांवर कुंभाराचें पोट चालत होतें. धर्मशास्त्राच्या या बाजूकडे, म्हणजे तें एका धंद्याचें गिऱ्हाईक कसें टिकवून धरी याकडे, अभ्यासकांचें लक्ष गेलेलें आम्हीं फारसें पाहिलें नाहीं. शेजारींच भंडाऱ्यास पितळेच्या भांड्यांचा मोठा धंदा. मागाहून जर्मनचीं व स्टीलचीं भांडीं आलीं. हीं घांसलीं कीं शुद्ध. तेव्हां मातीच्या भांड्याचा पाडाव केवळ धातूच्या टिकाऊपणानें झाला नाहीं. टाकून देण्याची सक्ति संपली म्हणूनही झाला. उलट जेथें टाकणें हाच विधि आहे तेथें मातीस अद्याप प्रतिस्पर्धी नाहीं. अक्षय्यतृतीयेची पितरांची घागर, नवरात्रांतील घट, संक्रांतीचीं सुगडें, लग्नांतील उतरंड, दिवाळीच्या पणत्या आणि प्रेतयात्रेपुढचें मडकें हीं अजून कुंभाराकडूनच येतात. रांधण्याच्या हंड्या, धान्याचे रांजण, दुधाची गाडगीं मात्र गेलीं. ‘धंदा टिकला आहे’ किंवा ‘धंदा बुडाला’ असें सरसकट लिहिणारे हा भेद करीत नाहींत, म्हणून त्यांच्या दोन्ही विधानांस किंमत राहत नाहीं.

आतां इंग्रजी अंमलांतील साधनें पाहूं. मध्यप्रांतांतील जातिजमातींचें रसेल व रायबहादुर हिरालाल यांचें चार भागांचें पुस्तक १९१६ सालीं निघालें. त्यांतील कुंभारांवरचा लेख या प्रांतांपुरता आजही सर्वांत अधिक उद्धृत होतो. १९११ च्या खानेसुमारींत प्रांतांत कुंभार सुमारें १,२०,००० होते, व त्यांची वस्ती उत्तरेकडील आणि पूर्वेकडील हिंदी भाषेच्या जिल्ह्यांत अधिक होती, असें त्यांत दिलें आहे. दक्षिणेकडे मातीच्या भांड्यांचा प्रचार कमी असें कारणही दिलें आहे. मराठी भाषेचे जिल्हे, अर्थात् चांदा व त्यांतील ब्रह्मपुरी, अशा रीतीनें एका वाक्यांत निकालांत निघाले. त्यापुढें ब्रह्मवैवर्तपुराण, पराशर इत्यादींच्या आधारें कुंभाराची उत्पत्ति कोणत्या दोन वर्णांच्या संकरापासून झाली याची चर्चा येते. हे आधार एकमेकांशीं जुळत नाहींत, हें लेखकांनीं रिस्लीच्या शब्दांत कबूल केलेलेंच आहे. मग ते देण्याचें प्रयोजन काय? ज्यांत दोन ग्रंथांचें एकमत नाहीं व ज्याचा मातीशीं संबंध नाहीं अशा वंशावळीनें लेखाचा आरंभ अडविलेला आहे.

परंतु त्याच लेखांत एक पान असें आहे कीं त्यापुढें बाकीचा लेख आम्ही सोडून देऊं. ती कुंभारांची स्वतःची कथा. शिवाच्या विवाहास मडकें मिळेना, तेव्हां कुलालक नांवाचा ब्राह्मण पुढें झाला. विष्णूनें त्यास चाकासाठीं आपलें सुदर्शन दिलें, मंदर पर्वताची खुंटी झाली, आदिकूर्म खरवडण्याचें हत्यार झाला, मेघ पाण्याचें भांडें झाला. शिवानें माती मळण्यास मुसळ, पाणी पुसण्यास लंगोटी आणि चाकावरचें मडकें कापून घेण्यास जानवें दिलें. पुराणांच्या तराजूंत ही कथा हलकी भरेल. साधन म्हणून ती भारी आहे, कारण ती कुंभाराच्या हत्यारांची संपूर्ण यादी आहे, व ती त्याच क्रमानें मांडली आहे ज्या क्रमानें मनुष्य कामास बसतो. हिरालालांसारखा शिलालेखांचा चिकित्सक शोधक सोबत असतां ही यादी ओळखली गेली नाहीं, आणि प्रत्येक हत्याराचें चालू नांव शेजारीं नोंदलें गेलें नाहीं, ही हानि मोठी आहे. शिलालेखांतील एका अक्षराच्या वाचनावर पानेंच्या पानें खर्चणाऱ्या काळांत कुंभाराच्या चाकाच्या खुंटीस चांद्याकडे काय म्हणतात हें विचारण्यास कोणास सवड झाली नाहीं.

देशी ग्रंथांत त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ (१९१५) अग्रगण्य आहे, व त्याविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. आत्र्यांनीं कुंभार बलुतेदारांच्या रांगेंत बसविला. पण ती रांग देशावरच्या रयतवारी गांवची. झाडीपट्टींत मालगुजारी होती. तेथें गांवाचा तलाव, त्यांतील गाळ, पड जमीन आणि लगतचें रान यांवर मालगुजाराचें स्वामित्व असे; कुंभाराचा संबंध जसा शेतकऱ्याच्या खळ्याशीं तसाच मालगुजाराच्या मर्जीशीं. बारा बलुत्यांचें चित्र उचलून ब्रह्मपुरीवर चिकटविणाऱ्या अलीकडच्या लेखकांनीं हें ध्यानांत घेतलें नाहीं. आत्र्यांचा त्यांत दोष नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें लिहिलें.

राहिलें उत्खनन. विदर्भांत टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथील शिळावर्तुळें खणिलीं गेलीं; आणि ब्रह्मपुरीच्याच वैनगंगेवर, उत्तरेस, पवनीचे स्तूप १९६९-७० सालीं डॉ. देव व श्री. जोशी यांनीं उजेडांत आणिले. ह्या कामाचें मोल आम्ही जाणतों. त्या वृत्तांतांतून खापरांचीं जीं वर्गनामें येतात तीं मात्र विचार करण्याजोगीं आहेत : काळीं-तांबडीं भांडीं, अभ्रकमिश्रित तांबडीं भांडीं, इत्यादि. हीं नांवें रंगावरून पडलीं आहेत, कृतीवरून नाहींत. भांडें पालथें घालून भाजलें म्हणजे तोंडाकडचा भाग हवेवांचून काळा राहतो व उघडा भाग तांबडा होतो, असें विवेचन पुराणवस्तुशास्त्रांत केलें जातें. आव्याचीं तोंडें ओल्या मातीनें लिंपून धूर कोंडला असतां मडकें काळें उतरतें, ही गोष्ट कुंभारवाड्यांतील पोरासही ठाऊक असते. अभ्रक मुद्दाम मिसळिलें कीं त्या मातींतच होतें, हा प्रश्न जसा प्रयोगशाळेंत सोडवितां येतो तसा जवळच्या तलावाची माती हातांत घेऊन चोळणाऱ्या माणसासही विचारतां येतो. खापरांवरून कुंभाराकडे जाण्याची वाट जेवढी लांब आहे, तेवढी कुंभाराकडून खापरांकडे जाण्याची नाहीं.

शब्दांचा मुद्दा आम्हीं थोडा अधिक मांडूं, कारण तो आमच्या अधिकारांतला आहे. भट्टीस ‘आवा’ म्हणतात तो संस्कृत ‘आपाक’. ‘घागर’ म्हणजे ‘गर्गरी’. संक्रांतीचें ‘सुगड’ हें ‘सुघट’. ‘रांजण’ या शब्दाचें मूळ आमच्या मतें अमरकोशांत मोठ्या जलपात्रास दिलेल्या ‘अलिंजर’ शब्दाच्या कुळांत, विशेषतः त्याच्या ‘अरंजर’ या रूपांत, शोधावें. पालींत तें रूप आढळतें. तेव्हां जो शब्द श्रौतसूत्रांच्या व कोशांच्या पानांवर आम्हीं वाचला तो बाजारांत बसलेल्या बाईच्या तोंडीं जिवंत आहे. थापटण्यास मराठी वाङ्मयांत मान मिळाला तो तेरच्या गोरोबाकाकांच्या कथेमुळें. नामदेवाचें मडकें कच्चें ठरविणारें तें थापटणें. बाकीच्या हत्यारांस संत भेटला नाहीं, म्हणून कोशकारही भेटला नाहीं. तेरच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत सातवाहनकालीन मृण्मूर्ति व भांडीं मांडलेलीं आहेत आणि त्याच गांवीं गोरोबांची समाधि आहे. खापर व कुंभार हे दोघे एका गांवांत असूनही त्यांची गांठ पडत नाहीं, असें म्हणावें लागतें.

कृतीचें वर्णन पुस्तकांत तुटक आहे, म्हणून येथें थोडक्यांत देतों. फाल्गुन-चैत्रांत तलाव आटूं लागले म्हणजे माती निघते. सगळा गाळ उपयोगी नाहीं. विशिष्ट कोपऱ्यांतील चिकण माती लागते व तिला थोड्या रेताड मातीची जोड द्यावी लागते. ती वाळवून, कुटून, चाळून भिजवितात व पायांनीं तुडवितात. राख, लीद किंवा भाताचा कोंडा घालतात. भातखंडांत कोंड्यास तोटा नाहीं. चाकावर मडक्याचें तोंड व जाड अंग तेवढें निघतें. बूड उघडें राहतें. अर्धवट सुकल्यावर आंतून मातीचा किंवा दगडाचा गोळा धरून बाहेरून थापटण्यानें ठोकीत ठोकीत अंग वाढवितात व बूड मिटवितात. माठाचें पातळ, गोल पोट चाकानें होत नसून या ठोकण्यानें होतें. ठोकण्या-घोटण्याच्या व काव लावण्याच्या कामांत बायकांचा वांटा मोठा असतो. चाकास मात्र त्यांनीं हात लावूं नये असा रिवाज पुष्कळ ठिकाणीं आहे. वर उल्लेखिलेल्या कोणत्याही साधनांत हें स्त्रियांचें काम त्याच्या मानानें नोंदलेलें नाहीं. ‘कुंभार’ हा शब्द पुल्लिंगी असल्याचा हा परिणाम असावा. शेवटीं तणस, गोवऱ्या व लांकूड यांचे थर देऊन आवा रचतात व वरून राखमातीनें झांकतात. उघड्या आव्यांत उष्णता सुमारें सातशें ते साडेआठशें अंशांपर्यंत चढते. एवढ्यांत माती पक्की होते, पण कांचेसारखी मिटत नाहीं, आणि माठास तेंच हवें असतें.

तेव्हां या धंद्यास तीन वस्तु पाहिजेत, माती, जळण आणि गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाविषयीं सर्व बोलतात. पहिल्या दोहोंविषयीं आम्हीं ब्रह्मपुरीकडील एका वृद्ध कुंभाराशीं बोलत असतां त्यानेंच आम्हांस उलट प्रश्न केला : “गुर्जी, तुमच्या जुन्या कागदात आमची माती कोन्या तलावाची ते लिवलं हाय का?” हा प्रश्न आमच्या मतें या विषयावरील सर्व ग्रंथांपेक्षां महत्त्वाचा आहे, व त्याचें उत्तर संग्राहकांच्या दप्तरांत आहे.

कसें तें सांगतों. पूर्व विदर्भांत सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत; ते बांधण्यांत कोहळी लोकांचें कौशल्य प्रसिद्ध आहे. चांदा जिल्ह्याचा बंदोबस्त मेजर लुसी स्मिथ यानें केला, त्याचा अहवाल १८६९ चा आहे. मध्यप्रांताच्या बंदोबस्तांत गांवोगांवच्या चालीरीतींचें ‘वाजिब-उल-अर्ज’ नांवाचें पत्रक तयार होत असे. रयतेनें चराई, लांकूडफांटा, पाणी, माती कोठून व कोणत्या अटींवर घ्यावी तें त्यांत असे. पुढें १९५० चा मालकी हक्क रद्द करणारा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलांत आला, मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराची तोंडी परवानगी गेली आणि तिच्या जागीं कचेरी आली. तथापि हक्क बुडाला नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यांत विदर्भासाठीं निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांचीं कलमें आहेत, आणि निस्तारपत्रकाच्या विषयांत जळणाबरोबर मुरूम, वाळू, माती व चिकणमाती यांचीं नांवें स्पष्ट आलेलीं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानेंही निस्तारासारखे सामूहिक हक्क मान्य केले, व २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटियर, खानेसुमारी, बंदोबस्ताचे अहवाल इत्यादि कागद धरले आहेत. म्हणजे ज्या कागदांस आमचे संग्राहक ‘महसुली रद्दी’ म्हणून बाजूस सारतात व ज्यांतील मोडी वाचण्याचा कंटाळा करितात, त्यांच्यावर आज एका कुंभारवाड्याची माती अवलंबून असूं शकते. बखरीचें फाटकें पान शंभर रुपयांस घेणारा गृहस्थ त्याच पेटींतील निस्तारपत्रक वाणसामानाच्या पुडीस देतो, अशी सध्यांची स्थिति आहे. मूल्यमापनाची ही रीति आम्हांस मान्य नाहीं.

सरकारी योजनांचें परीक्षणही याच कसोटीवर केलें पाहिजे. खादी व ग्रामोद्योग आयोगानें २०१८ पासून कुंभारांस विजेवर चालणारीं चाकें देण्याचा उपक्रम चालविला. चाक फिरविण्याचे श्रम त्यानें वांचतात, हें खरें व चांगलें आहे. परंतु वर सांगितल्याप्रमाणें माठाचें अर्धें काम चाकावर होतच नाहीं. आणि ज्यास माती व जळण मिळण्याची पंचाईत आहे त्यास चाक जलद फिरल्यानें काय लाभ? तलावांतील गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना २०१७ पासून चालू आहे. शेतीस ती हितावह आहे, पण यंत्रानें उपसतांना कुंभाराच्या खाणीचा कोपरा राखून ठेवावा, असें कोणाच्या तरी लक्षांत आणून दिलें पाहिजे, आणि तो कोपरा कोणता हें कागदावर असलें तरच तें साधेल. कांहीं कुंभार विटांकडे वळले. तेथें औष्णिक विद्युत्केंद्रांची राख विटांत मिसळण्याची सक्ति १९९९ च्या अधिसूचनेनें पन्नास किलोमीटरच्या टापूंत आली, ती २००३ सालीं शंभर व २०१६ सालीं तीनशें किलोमीटरपर्यंत वाढली. चंद्रपुरास मोठें विद्युत्केंद्र असल्यामुळें ब्रह्मपुरी या वर्तुळांतून सुटत नाहीं.

याच जिल्ह्यांत एक प्रयत्न मात्र निराळ्या जातीचा झाला. भद्रावतीस कृष्णमूर्ति मिरमिरा यांनीं १९५५ सालीं ग्रामोदय संघ स्थापिला. मातीच्याच कामांत नवी विद्या आणून कुंभारास धंद्यांत ठेवावें, हा त्याचा हेतु. त्यांतून निघालेल्या वस्तु जुन्या घागरी नव्हेत, हा आक्षेप आम्हीं ऐकिला आहे. तो आक्षेप घेणारांनीं स्वतःच्या घरीं पाणी कशांत भरलें आहे तें आधीं पाहावें. जुना आकार टिकविणें हें संग्रहालयाचें काम आहे. माणूस धंद्यांत टिकला तर तो जुना आकारही हातांत बाळगतो, आणि मागणी झाली तर उद्यां काढून देतो.

आमच्याजवळ ब्रह्मपुरी व आसपासच्या गांवांतील भांड्यांचीं, हत्यारांचीं, मातीच्या जातींचीं व आव्याच्या भागांचीं नांवें, उच्चाराप्रमाणें लिहून घेतलेलीं, आहेत. तीं झाडीबोलीच्या रूपांसह पुढील अंकीं देण्याचा विचार आहे. दरम्यान ज्या सभासदांच्या संग्रहांत ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी व वडसा या बाजूंच्या गांवांचीं वाजिब-उल-अर्ज, निस्तारपत्रकें किंवा मालगुजारांच्या खाजगी वह्या असतील, त्यांनीं त्यांतील कुंभार, माती, आवा, तणस व तलाव यांसंबंधींच्या नोंदी गांवाचें नांव व साल यांसह उतरून मंडळाकडे पाठवाव्या. मूळ कागद देऊं नये, नक्कल पुरे. मोडी वाचतां येत नसल्यास छायाचित्र पाठवावें, वाचनाचें काम आम्ही करूं.